टिमकीचं डबकं आणि तुपाचा बोळा

लिंबाएवढी एक बेडकी होती. तिचं नाव टिमकी.

टिमकी गोदूच्या घरामागे राहायची. अळूच्या पानांखाली. तिथं एक डबकं होतं. गोदूची आई तांदूळ धुवायची. भाजी धुवायची. ते पाणी मोरीतून पाईपात जायचं. पाईपातून डबक्यात यायचं. झुळझुळ, झुळझुळ.

डबक्यात टिमकीची तीन पिल्लं होती. त्यांना अजून पाय नव्हते. नुसती शेपटी. वळवळ, वळवळ.

एक दिवस पाणी आलंच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ऊन तर रणरणत होतं. डबकं ताटाएवढं होतं, ते वाटीएवढं झालं.

"आई, पोटाला चिखल लागतो," धाकटं पिल्लू म्हणालं.

"दम धरा," टिमकी म्हणाली. "मी पाणी आणते."

टुप टुप टुप. टिमकी स्वयंपाकघरात गेली. कोपऱ्यात मोरी होती. मोरीत पाणी तुंबलं होतं. अगदी काठापर्यंत.

"मोरीताई, मोरीताई,
पाणी सोड की जरा.
माझं डबकं भरेना."

मोरी म्हणाली, "पाईप गिळेना, मी कशी सोडू?"

टुप टुप टुप. टिमकी परसात गेली. भिंतीतून पाईपाचं तोंड बाहेर आलं होतं. कोरडं ठक्क.

"पाईपदादा, पाईपदादा,
गिळ की जरा.
मोरी सोडेना,
माझं डबकं भरेना."

पाईप म्हणाला, "बोळा हलेना, मी कसा गिळू?"

मग तो हळूच म्हणाला, "आणि ऐक. गोदूचे बाबा सळई शोधतायत. लोखंडाची. ती खुपसली तर मला भोक पडेल. सगळं पाणी भिंतीत जाईल. डबक्यात कधीच येणार नाही."

टिमकीनं टुणकन उडी मारली. ती सरळ पाईपात शिरली. आत काळोख. बुळबुळीत. टुप टुप टुप. आणि समोर बसला होता बोळा.

बोळा कशाचा? थोडं तूप, थोडं तेल, भाताची शितं, चहाचा चोथा. सगळं गोठून एक झालेलं. चिकट आणि गारेगार.

"बोळेबुवा, बोळेबुवा,
हला की जरा.
पाईप गिळेना,
मोरी सोडेना,
माझं डबकं भरेना."

बोळा म्हणाला, "मी काय हौसेनं बसलोय? गारठून घट्ट झालोय. पातेलं तापेना, मी कसा हलू?"

टुप टुप टुप. टिमकी पुन्हा स्वयंपाकघरात. ओट्यावर पातेलं होतं. टिमकीनं उडी मारली. टुण्ण!

"पातेलेराव, पातेलेराव,
तापा की जरा.
बोळा हलेना,
पाईप गिळेना,
मोरी सोडेना,
माझं डबकं भरेना."

पातेलं म्हणालं, "शेगडी पेटेना, मी कसं तापू?"

शेगडी शेजारीच होती. टुप. एकच उडी.

"शेगडीमावशी, शेगडीमावशी,
पेट की जरा.
पातेलं तापेना,
बोळा हलेना,
पाईप गिळेना,
मोरी सोडेना,
माझं डबकं भरेना."

शेगडी म्हणाली, "आई उठेना, मी कशी पेटू?"

टिमकीनं खिडकीतून परसात पाहिलं. वाटीएवढं डबकं आता पळीएवढं झालं होतं. तीन पिल्लं एकमेकांना चिकटून पडली होती. वळवळसुद्धा थांबली होती.

टुप टुप टुप, टुप टुप टुप. टिमकी पडवीत आली. तिथं गोदूची आई बसली होती. मांडीवर गोदू होती. गोदूला दात येत होते. हिरड्या ठणकत होत्या. ती रडत होती, ॲं ॲं ॲं.

"गोदूची आई, गोदूची आई,
ऊठ की जरा.
शेगडी पेटेना,
पातेलं तापेना,
बोळा हलेना,
पाईप गिळेना,
मोरी सोडेना,
माझं डबकं भरेना."

आई म्हणाली, "कळतंय गं मला, टिमकी. पण गोदू हसेना, मी कशी उठू?"

आता कुणाकडे जायचं? आता पुढे कुणीच नव्हतं. फक्त गोदू.

"गोदूबाई, गोदूबाई,
हस की जरा.
आई उठेना,
शेगडी पेटेना,
पातेलं तापेना,
बोळा हलेना,
पाईप गिळेना,
मोरी सोडेना,
माझं डबकं भरेना."

गोदू म्हणाली, "ॲं ॲं ॲं." तिला अजून बोलता कुठं येत होतं?

टिमकीनं विचार केला. तिनं गळा फुगवला. इतका फुगवला, इतका फुगवला, की फुगाच झाला. "डर्राव."

गोदू रडायची थांबली. बघत राहिली.

टिमकीनं पुन्हा गळा फुगवला. "डर्राव, डर्राव." मग तिनं उंच उडी मारली आणि धपकन बाबांच्या चपलेत पडली. उताणी. चारी पाय वर.

गोदू हसली. खुदकन.

गोदू हसली, तशी आई उठली. गोदूला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात आली. बघते तर काय, बाबा सळई घेऊन मोरीपाशी उभे. खाण्ण! सळई फरशीवर आपटली.

"दोन घाव घातले की झालं मोकळं," बाबा म्हणाले.

"दोन घाव घातले की पाईप फुटला," आई म्हणाली. "मग भिंत खणायची का? ठेवा ती सळई."

"मग दुकानातून बाटली आणू? ती जळजळीत औषधाची?"

"नको. पाईपही खराब होईल, मागचं अळूही करपेल. तिथं टिमकीची पिल्लं आहेत. हा बोळा तुपाचा आहे. त्याला मार नको, ऊब हवी."

टिमकी दारात बसून ऐकत होती. तिचे डोळे मोठ्ठे झाले.

आईनं गोदूला चटईवर बसवलं, लांब, दारापाशी. हातात वाटी-चमचा दिला. मग मोरीतलं तुंबलेलं पाणी मगानं उपसलं. एक मग, दोन मग, तीन मग. बाबांना सांगितलं, "परसात जा. पाईपाच्या तोंडाखाली बादली धरा. पहिलं पाणी गरम येईल, तेलकट येईल. ते डबक्यात पडू देऊ नका."

बाबा बादली घेऊन पळाले.

आईनं पातेल्यात पाणी घेतलं आणि शेगडी पेटवली. फुर्रर्र. पातेलं तापलं. सूं सूं सूं. जरा वाफ आली, तशी आईनं शेगडी बंद केली.

"उकळू द्यायचं नाही," ती टिमकीला म्हणाली. "उकळतं पाणी पाईपाला सोसत नाही."

आईनं पाणी ओतलं. हळू. बारीक धारेनं. मग ती थांबली. पुन्हा ओतलं. पुन्हा थांबली. घाई केली नाही.

बोळा आत पुटपुटला. "अहाहा, ऊब आली." तूप पातळ झालं. शितं सुटली.

मग आईनं रबरी वाटीचा पंप घेतला. मोरीच्या भोकावर बसवला. वर, खाली. वर, खाली. भक् भक्, भक् भक्. जोर नाही, धसमुसळेपणा नाही.

टिमकी श्वास रोखून बघत होती.

भक् भक्, भक् भक्...

गुडगुड, गुडगुड, गुडुप!

बोळा हलला. पाईपानं घटाघट पाणी गिळलं. परसातून बाबा म्हणाले, "आला, आला. बादलीत आला. काय घाण आहे गं ही."

आईनं आणखी थोडं गरम पाणी ओतलं. तेही बादलीत गेलं. मग गार पाणी सोडलं. भरपूर. शेवटी बाबांनी बादली काढून घेतली.

"आता तुझं पाणी," आई टिमकीला म्हणाली. तिनं तांदूळ धुतले. ते पांढरं, गार पाणी मोरीत ओतलं.

टुप टुप टुप टुप टुप. टिमकी परसात धावली.

गोदू हसली,
आई उठली,
शेगडी पेटली,
पातेलं तापलं,
बोळा हलला,
पाईपानं गिळलं,
मोरीनं सोडलं,
टिमकीचं डबकं भरलं.

झुळझुळ, झुळझुळ. पळीएवढं डबकं वाटीएवढं झालं. वाटीएवढं डबकं ताटाएवढं झालं. एक शेपटी हलली. दुसरी हलली. धाकट्याची हलेना. टिमकीनं त्याला नाकानं हळूच पाण्यात ढकललं. हलली. वळवळ, वळवळ.

पाईपाला साधा ओरखडाही उठला नव्हता. संध्याकाळी आईनं मोरीवर बारीक जाळी बसवली. चहाचा चोथा झाडाला घातला. आणि तुपाचं भांडं धुवायच्या आधी कागदानं पुसून घेतलं. बाबा शेजारी उभं राहून सगळं शिकत होते.

"आई, पाणी कुणी आणलं? तू?" पिल्लांनी विचारलं.

"मी नुसती सगळ्यांकडे जाऊन आले," टिमकी म्हणाली. "आणलं गोदूच्या आईनं."

"तिच्याकडे खूप ताकद आहे का?"

टिमकी अळूच्या पानावर चढली. आत स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती. शेजारी चटईवर गोदू झोपली होती.

"तिच्याकडे हलका हात आहे," टिमकी म्हणाली.

आणि तिनं गळा फुगवून, पण गोदू जागी होऊ नये इतक्या हळू, म्हटलं, "डराव."