गुरूला भेट दिलेला रस्ता

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूला एक रस्ता भेट दिला.

हे गुरू मठातले नव्हेत. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडल्यावरही जुन्या काळ्या सायकलवरून घाट चढणारे एक सडसडीत गृहस्थ. डोंगर नकाशात पाहून कळत नाही, तो मांड्यांना कळावा लागतो, असं ते म्हणत. त्यांच्यामागे सायकल हाकत कितीतरी माणसं घडली. त्यांतला मंदार हा त्यांचा सर्वांत लाडका. चाळिशीचा मंदार आता स्वतः सायकलसहली काढत असे आणि त्याच्या शब्दाला सरकारदरबारीही मान होता.

सह्याद्रीच्या कुशीत धरणाचा एक मोठा जलाशय आहे. त्याच्या काठाकाठाने, डोंगराच्या पायथ्याशी लगटून सव्वीस किलोमीटरचा रस्ता जातो. सुट्टीच्या दिवशी तिथे मोटारींची झुंबड उडायची. कर्ण्यांवरची गाणी, फुटलेल्या बाटल्या, बेफाम वेग. अशाच एका गाडीने मंदारच्या सहलीतल्या एका तरुणीला उडवलं. ती जगली, पण पुन्हा चालली नाही. त्या दिवसापासून मंदारने ध्यास घेतला : हा रस्ता मोटारींना बंद झाला पाहिजे. तीन वर्षं त्याने अर्ज केले, निवेदनं लिहिली, अधिकाऱ्यांच्या दारात बसला. अखेर रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी फाटक उभं राहिलं. आत फक्त सायकल आणि पायी माणूस. नियमावली मंदारनेच लिहून दिली होती. तिच्यात त्याने आठवणीने एक कलम घातलं : ‘स्थानिकांच्या निकडीच्या वाहनांस आगाऊ परवानगीने प्रवेश मिळेल.’ आपण कुणाला विसरलो नाही, याचं त्याला समाधान होतं.

वर्ष उलटलं. लांबलांबून सायकलस्वार येऊ लागले. मग फाल्गुनातल्या एका रविवारी तो गुरुजींना घेऊन आला.

“गुरुजी, हा तुमचा रस्ता,” फाटकातून सायकल आत घेत तो म्हणाला. “बघा, केवढी शांतता! तुम्ही शिकवलंत त्याची ही गुरुदक्षिणा समजा.”

उजव्या हाताला पाणी निश्चल होतं, डाव्या हाताला पळस फुलला होता. चाकांच्या सळसळीशिवाय आवाज नव्हता. मंदार अधूनमधून वळून त्यांच्या चेहऱ्याकडे पाही. तिथे आनंद दिसावा, एवढीच त्याची इच्छा होती. पण वृद्ध माणूस नुसता समोर बघत पॅडल मारत होता.

अकरा किलोमीटर झाले. डोंगरावरच्या धनगरवाडीकडे जाणारी पायवाट जिथे फुटते, तिथे गुरुजी थांबले. सायकल स्टँडवर लावली आणि रस्त्याच्या मधोमध आडवे झाले.

मंदार धावला. “गुरुजी! काय होतंय?”

“छातीत,” ते डोळे मिटून म्हणाले. “मला फाटकापर्यंत ने.”

मंदारने फोन काढला. रेंज नव्हती. वाडीत जावं तर अर्ध्या तासाची चढण, आणि यांना एकटं टाकून कसं जायचं? रस्त्यावर दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर एकही गाडी नव्हती. असणारच नव्हती. त्याच्या महागड्या सायकलला कॅरियर नव्हता. ती त्याने झुडपात ढकलून दिली. गुरुजींना त्यांच्याच सायकलच्या कॅरियरवर बसवलं, आपलं जाकीट त्यांच्या पाठीमागून घेऊन सीटला बांधलं, आणि एका हाताने हँडल, दुसऱ्याने त्यांची पाठ धरून तो सायकल ढकलू लागला.

सडसडीत माणूस, पण अंग सैल सोडलं की किती जड होतं हे त्याला पहिल्याच चढाला कळलं. डोक्यावर ऊन आलं. गुरुजींचे पाय जमिनीला घासत होते, मान खांद्यावर कलंडत होती. दर शंभर पावलांनी तो विचारी, “गुरुजी, ऐकू येतंय ना?” आणि उत्तर ‘हं’ एवढंच येई. एकदा तेही आलं नाही, तेव्हा तो मोठ्याने ओरडला. समोरच्या डोंगराने त्याचा आवाज तसाच परत केला.

वाटेत चारपाच सायकलस्वार भेटले. त्यांनी आपलं पाणी दिलं, फाटकावर निरोप देतो म्हणून ते वेगाने पुढे गेले. त्यांनाही दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. अडीच तास मंदार चालला. आपला गुरू आपल्या हातात मरतो आहे, या खात्रीने तो चालला.

फाटक दिसलं. पलीकडे सायकलस्वारांनी बोलावलेली एक जीप उभी होती. चालक दार उघडून तयार होता. मग ही जीप आत का आली नाही? मंदारचा तोल सुटला.

“निरोप मिळाला नाही का तुला?” तो पहारेकऱ्यावर ओरडला. “फाटक का नाही उघडलंस?”

पहारेकरी जवळच्याच गावचा, उतारवयाचा माणूस. तो हात जोडून म्हणाला, “मिळाला की सायब. पर परवानगीचा कागूद न्हाई, आन् किल्ली हापिसात. आज रईवार. तुमीच सांगितलं व्हतं न्हवं, कुनी कायबी सांगू दे, गाडी आत सोडू नगंस म्हून?”

मंदारने फाटकाच्या कुलपाकडे पाहिलं. तेवढ्यात पाठीवरच्या त्याच्या हाताखाली हालचाल झाली. गुरुजींनी जाकिटाची गाठ सोडली आणि ते आपल्या पायांनी खाली उतरले.

“मला काही झालेलं नाही,” ते म्हणाले.

मंदारने डोक्यावरचं हेल्मेट काढून रस्त्यावर आपटलं. “ही कसली थट्टा, गुरुजी? अडीच तास! मला वाटलं तुम्ही गेलात!”

“बस,” गुरुजी म्हणाले. तो बसला नाही. तेव्हा ते स्वतःच फाटकाच्या दगडी कठड्यावर टेकले.

“मागच्या महिन्यात मी एकटा इथून गेलो होतो. पाणी प्यायला वाडीत चढलो. भागोजी झोऱ्यांच्या घरी. गेल्या आश्विनात त्याची बायको ठकूबाई गवत कापत होती. तिला घोणस डसली. पूर्वी खालच्या रस्त्यावरून जीप जायची, अर्ध्या तासात दवाखाना. या वेळी चौघांनी तिला झोळीत घातलं आणि याच रस्त्याने चालत आणलं. दोन वेळा झोळी खाली ठेवून खांदे बदलले. तिसऱ्या वेळी ठेवली, तेव्हा बदलायची गरज उरली नव्हती. सरोवर बघायला तू जिथे बाक टाकला आहेस ना, तिथे.”

मंदार हळू आवाजात म्हणाला, “मला एका बैठकीत कळलं होतं. मला वाईट वाटलं, गुरुजी. मी म्हणालो होतो, परवानगी लवकर मिळेल अशी काही...”

“ठाऊक आहे. म्हणून तर तुला नुसतं सांगून भागणार नव्हतं. सांगितलं असतं, तर तू हळहळला असतास आणि आणखी एक कलम लिहिलं असतंस. साप डसण्याची आगाऊ परवानगी कोण मागतो, मंदार? सकाळी हा रस्ता रिकामा होता, तेव्हा तू त्याला शांतता म्हणालास. दुपारीही तो तितकाच रिकामा होता. तेव्हा त्याला काय म्हणालास?”

मंदार कठड्यावर बसला.

“तुझा हेतू वाईट नव्हता. त्या पोरीचे पाय गेले, ते मीही पाहिलं. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यांना अडवायला हवंच होतं. पण त्यांना अडवताना आपण वाडीलाही अडवलं, आणि वाडीला विचारलंच नाही. दोष तुझा एकट्याचा नाही. त्या अर्जावर पहिली सही माझी आहे. चाळीस वर्षं भूगोल शिकवला मी. या डोंगरावर वाडी आहे, हे मला सही करताना आठवलं नाही.”

मग मंदार उठला. “चला,” म्हणाला. “मला त्यांच्याकडे जायचंय.”

“चालत?”

“चालत.”

वाडीत पोहोचले तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. भागोजी अंगणात मेंढीच्या पायातला काटा काढत होता. त्याने पाहुण्यांना घोंगडी टाकली, पाणी दिलं. मंदारने तांब्या हातात घेतला, पण प्यायला नाही.

“दादा, तो रस्ता मी बंद करवला.”

“ठावं हाय,” भागोजी मान वर न करता म्हणाला. “फाटकाच्या पाटीवर तुमचं नाव हाय. माज्या नातीनं वाचून दाखवलंय.”

“माझी चूक झाली. मी माफी मागायला आलोय.”

भागोजीने काटा काढला, नखावर धरून पाहिला आणि बाजूला टाकला. मेंढी लंगडत उठली. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मंदारला सोसवेना.

“माफी घिऊन मी काय करू, सायब? उघडा की मग.”

मंदार तांब्या खाली ठेवून उठला.

त्यानंतर तो पुन्हा त्याच कचेऱ्यांच्या पायऱ्या चढू लागला. ज्या खुर्च्यांनी त्याचं ऐकून रस्ता बंद केला होता, त्याच खुर्च्या आता त्याला त्याचीच निवेदनं वाचून दाखवत. पाण्याकाठी राहण्याजेवणाची सोय करणाऱ्यांनी सह्या गोळा केल्या : फाटक हटवू नका, शांततेसाठीच तर लोक येतात. सायकलस्वारांच्या संघटनेने त्याला फितूर म्हटलं. दोन वर्षं झाली. गुरुजी या हिवाळ्यात गेले. मंदार अजून खेटे घालतो आहे. फाटक अजून तिथेच आहे.

मोठा रस्ता बंद करायला एका वजनदार माणसाचा शब्द पुरतो. तो उघडायला त्याच माणसाचं सगळं आयुष्य पुरेलच असं नाही, हे मंदारला आता समजलं आहे.