कोंबड्यांच्या दाण्यातली मुळी

फार पूर्वी वेणुमती नगरीत अंजन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्मले होते. जखम चिघळून ताप भरला की ते पीतमुळीचा काढा देत. त्या एका मुळीने कितीतरी माणसे मरणाच्या दारातून परत आणली होती.

त्याच नगरीत भद्रक नावाचा माणूस कोंबड्या पाळून त्यांचे मांस विकत असे. एकदा त्याने आजारी कोंबड्यांना ती मुळी चारली. त्या बऱ्या झाल्या, शिवाय अंगानेही भरल्या. तेव्हापासून तो रोजच्या दाण्यात मुळी कालवू लागला आणि बोधिसत्त्वांकडून ती पोत्यांनी नेऊ लागला.

हे कळताच बोधिसत्त्व त्याच्याकडे गेले. म्हणाले, "भद्रका, रोज थोडे थोडे औषध दिले की दुबळा रोग मरतो, चिवट तेवढा उरतो. तो मांसाबरोबर घरोघर जाईल. मग माणसांना काढा लागू पडणार नाही. आजपासून मी तुला मुळी देणार नाही."

"नका देऊ," भद्रक हसला. "बाजारात तुमचेच एक दुकान थोडेच आहे!"

बोधिसत्त्वांनी राजसभेतही सांगून पाहिले. पण मांस स्वस्त झाले होते. कोणी मनावर घेतले नाही.

तीन वर्षांनी भद्रकाच्या मुलीच्या, चंपिकेच्या, बोटाला कोंबडी साफ करताना सुरी लागली. हात कोपरापर्यंत सुजला, ताप चढला. बोधिसत्त्वांनी काढा दिला, मग दुप्पट दिला. ताप हटेना. पाचव्या दिवशी ती बापालाही ओळखेनाशी झाली.

"औषध बदला, वैद्यराज," भद्रक म्हणाला.

"यावर दुसरे औषध मला ठाऊक नाही."

भद्रकाने मुलीकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "हे माझ्यामुळे झाले का?"

'नाही' हा शब्द बोधिसत्त्वांच्या ओठांवर आला होता. पण भद्रकाच्या कोठीत अजून मुळी होती, आणि नगरीत आणखी लेकरे होती.

"हो," ते म्हणाले. "पण ते दुःख मागाहून कर. आता तिचा हात धर."

दुपारी चंपिका गेली. बोधिसत्त्व चितेपर्यंत भद्रकाबरोबर चालले.

पुढे भद्रकाने उरलेली मुळी जाळून टाकली आणि इतर कोंबडीवाल्यांच्या दारोदार जाऊन तो आपली कहाणी सांगत राहिला. काहींनी ऐकले, काहींनी हाकलून दिले. त्याच्या हयातीत मुळीला पूर्वीचा गुण आला नाही.

आपल्या पूर्वजन्माची ही गोष्ट सांगून भिक्षूंचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा भद्रक म्हणजे आज आजाऱ्यांच्या उशाशी बसून राहणारा हा भिक्षू सुमन. चंपिका म्हणजे भिक्षुणी खेमिका. तो वैद्य मी होतो, आणि मला तिला वाचवता आले नाही."

सुमन रडत होता. शास्त्यांनी त्याला रडू दिले. मग ते म्हणाले, "त्या बापाला मी खोटा धीर दिला नाही, आणि त्याला एकटेही सोडले नाही. ती माझी सत्यपारमिता, सत्याची परिपूर्ण साधना, होती."