मिनी हंबकर आणि उलटी मंगलाष्टकं

एका गावात एक भोळा गिटारवाला होता. होता म्हणजे काय, अजून आहे. तो मीच. नाव हणमंत, गाव बोरखेडी, डोकं जन्मापासून कोरं. लोक म्हणतात, हणमंताला एकदा सांगितलं की तो विसरत नाही. खरं आहे. विसरलो असतो तर फार बरं झालं असतं, पण ते पुढे येईलच.

मी चांदणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. वरात, बारसं, गणपती, बोलावलं तिकडे जायचो. शेजारच्या ढालेवाडीत आप्पा जगदाळे म्हणून बागायतदार. त्यांच्या मुलीनं, शैलानं, मला गणपतीत वाजवताना पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं, "मला हाच नवरा पाहिजे." हे मला कळलं तेव्हा मी आधी मागं वळून बघितलं, माझ्या पाठीशी दुसरं कोण उभं आहे म्हणून. कोणी नव्हतं.

आप्पांनी मला घरी बोलावून वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोरगं मनानं बरं दिसतंय," ते म्हणाले, "पण जरा येडं वाटतंय. हे बघा पाव्हणं, अक्षता पडेपर्यंत शहाण्यासारखं वागलात तर पोरगी दिली. नाहीतर राम राम."

मला शैला फार आवडायची. उगाच कशाला लपवू? ती हसली की माझी बोटं चुकीच्या तारेवर पडायची. तेव्हा मी ठरवलं, आता शहाण्यासारखंच वागायचं. पण शहाणपण आणायचं कुठून? घरात तर नव्हतं. मला माहीत असलेला शहाणा माणूस एकच, मिरजेचे इलाहीभाई. सतारी बनवायचे आणि गिटारी दुरुस्त करायचे. त्यांचं काम एकदा झालं की पुन्हा बघायला लागत नसे.

मी गिटार घेऊन त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "इलाहीभाई, ही बोलते, पण तोंडात घास धरून बोलते."

त्यांनी तारा सैल केल्या आणि तारांखालची चपटी डबी दाखवली. "हा पिकअप. आत चुंबक आणि तांब्याच्या तारेची वेटोळी. वर तार थरथरली की हा ती थरथर उचलतो आणि स्पीकरकडे धाडतो. तुझा रुंद आहे. मानेजवळ असा रुंद बसवला की तारेचा मोठा तुकडा एकदम ऐकतो, मग जाड सुरांचा चिखल होतो. हा घे मिनी हंबकर. त्याचाच धाकटा भाऊ, अंगानं अरुंद. मोठा काढायचा, त्याच जागी अरुंद भाऊ बसवायचा. थोडी जाडी जाते, पण सूर न् सूर वेगळा ऐकू येतो."

बसवला, वाजवला. अहो, खरंच की! सहा तारा एकदम छेडल्या तर सहाच्या सहा आपापलं नाव सांगायला लागल्या. मी खूश झालो आणि ते वाक्य घरी जाईपर्यंत एसटीत घोकलं. मोठा काढायचा, त्याच जागी अरुंद भाऊ.

त्याच आठवड्यात ढालेवाडीत आमचा कार्यक्रम होता. पुढच्या रांगेत आप्पा. आमचा गायक श्रीपती, अंगानं भरलेला, गालात कायम तंबाखू. त्याचा एक शब्द दुसऱ्यात मिसळायचा. मी मनात म्हटलं, चिखल तो हाच. त्याला स्टेजवरून उतरवलं आणि त्याच्या धाकट्या भावाला वर घेतलं. वसंता. गिरणीत दळण दळायचा. अंगानं काडी.

"मला गाता येत नाही, हणमंता," वसंता म्हणाला.

"तुला कोण गा म्हणतंय? तुझं काम फक्त अरुंद असायचं."

वसंतानं डोळे मिटून गाणं म्हटलं. सूर न् सूर वेगळा ऐकू आला. इतका वेगळा की एकाची दुसऱ्याशी ओळखच नव्हती. आप्पा दुसऱ्या कडव्याला उठले आणि जाताना आपली खुर्चीही घेऊन गेले.

शैलानं त्यांना घरी समजावलं. "आप्पा, मनानं चांगले आहेत हो."

मी मिरजेला गेलो. इलाहीभाईंनी सगळं ऐकून कपाळाला हात लावला. "अरे बाबा, ते पिकअपचं सांगितलं होतं. माणसाचं नव्हे!"

"मग आधी सांगायचं ना, इलाहीभाई."

गिटारीचीही तक्रार होती. वरचे सूर उगाच डुगडुगत होते. त्यांनी बारका पेचकस घेऊन पिकअप थोडा खाली केला. म्हणाले, "कुणी वर चढवला हा? जवळ आणला की आवाज मोठा होतो हे खरं, पण फार जवळ गेलास तर चुंबक तारेला ओढून धरतो, तिला मोकळं हलू देत नाही. फार लांब नेलास तर आवाजातला जीव जातो. मध्ये रुपयाची दोन नाणी मावतील एवढंच अंतर पाहिजे. जास्त नको, कमी नको."

दोन नाण्यांएवढं अंतर. मी दोन नाणी वेगळी काढून शर्टाच्या खिशात ठेवली.

पुढे साखरपुडा आला. मला आप्पांच्या शेजारी बसवलं. आप्पांशी आता जवळीक साधायला पाहिजे, असं आईनं निघताना बजावलं होतं. मी त्यांच्याकडे वळलो आणि माझं नाक त्यांच्या नाकाजवळ नेलं. मग खिशातून नाणी काढली, मध्ये धरली आणि अंतर बरोबर आहे का ते बघितलं.

"पाव्हणं," आप्पा हळूच म्हणाले, "मागं सरा."

"नाही आप्पा. मागं सरलो तर जीव जाईल."

"कुणाचा?"

"आवाजाचा. आणि पुढं आलो तर तुम्हाला हलता येणार नाही."

आप्पा मागं सरकले. मी तेवढाच पुढं सरकलो. ते भिंतीला टेकले. मीही टेकायला गेलो. सगळा मांडव बघत होता, कुणीतरी विचारलं की नवरी नक्की कोण आहे. साखरेची पुडी माझ्या हातात देताना आप्पांनी तोंड दुसरीकडे फिरवलं होतं.

शैला हसून हसून लाल झाली होती. "मनानं चांगले आहेत, आप्पा," ती पुन्हा म्हणाली. या वेळी आप्पा उठून आत निघून गेले. मला भीती वाटली. मुलगी हातची जाते की काय, या विचारानं दोन दिवस जेवण गेलं नाही.

मी पुन्हा मिरज गाठलं. इलाहीभाई म्हणाले, "अरे बाबा, ते तारेचं सांगितलं होतं. सासऱ्याचं नव्हे!"

"मग आधी सांगायचं ना."

गिटारीचं आता तिसरंच दुखणं निघालं होतं. आवाज वाढवला की ती किंचाळायची. इलाहीभाईंनी पिकअप काढून कानाजवळ हलवला. "आतली वेटोळी सैल पडलीत. स्पीकरच्या दणक्यानं तीच हलतात आणि किंचाळतात. याला इलाज सोपा. मेण वितळवायचं, त्यात बुडवायचं. मेण फटीफटीत शिरतं, सगळं घट्ट धरून ठेवतं. मग कितीही जोर लाव, किंचाळणार नाही."

त्यांनी स्टोव्हवर पातेलं ठेवलं, मेण पातळ केलं आणि पिकअप दोरीला बांधून त्यात सोडला. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत बघत बसले. मीही बघितलं. पुन्हा बसवून आवाज पूर्ण चढवला तर गिटार शहाण्या पोरीसारखी वागली. किंचाळणाऱ्याला मेण. हे मला फार पटलं.

हळदीच्या दिवशी आप्पांनी मोठ्या हौसेनं सनईवाला बोलावला होता. गुंडाप्पा नावाचा म्हातारा, जत भागातला. बिचारा चांगला वाजवायचा, पण वरच्या सुराला सनई एकदा कर्कश ओरडली आणि आप्पांनी कानावर हात ठेवले. मी ते बघितलं. सासऱ्यांना खूश करायची ही संधी होती. गुंडाप्पा चहाला गेला तसा मी सनई उचलली. आचाऱ्याच्या शेगडीवर दोन पुडे मेणबत्त्या वितळवल्या. सनई दोरीला बांधली, आत सोडली आणि बुडबुडे थांबेपर्यंत उभा राहिलो. काम अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

गुंडाप्पानं चहा पिऊन सनई तोंडाला लावली. गाल फुगवले. डोळे बाहेर आले. सनई किंचाळली नाही. खरं सांगायचं तर तिनं काहीच केलं नाही.

"आता कितीही जोर लावा," मी त्याला म्हटलं, "घाबरू नका."

गुंडाप्पा रडायला लागला. तीस वर्षांची सनई होती ती. मला तेव्हा खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला मी पुढं नवी सनई घेऊन दिली, ती अजून त्याच्याकडे आहे. पण आप्पांनी मला माजघरात नेलं आणि शैलाच्या समोर सांगितलं, "उद्या दुपारी बारा पस्तीसचा मुहूर्त आहे. तोवर अजून एक जरी वेडेपणा केलात तर मांडवातून परत पाठवीन. शैला, तुझं 'मनानं चांगले' आता पुरे."

शैला माझ्याकडे बघून म्हणाली, "उद्या दुपारपर्यंतच, अहो. तेवढं सांभाळा."

सांभाळतो म्हटलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी इलाहीभाई पाहुणे म्हणून आले. सनई नव्हती, म्हणून अक्षता पडल्यावर गिटारच वाजवायची ठरली होती. त्यांनी ती लावून बघितली. मांडवात ट्यूबलाइटी, पंखे, जनरेटर, वायरींचं जंजाळ. तरी गिटारीतून घुंऽऽ असा आवाज अजिबात येत नव्हता. आमच्या ऑर्केस्ट्रातली दुसरी गिटार मात्र भुंग्यासारखी घुमत होती.

"ही कशी गप्प?" मी विचारलं.

विचारायला नको होतं. इलाहीभाईंनी पण सांगायला नको होतं. पण कारागीर माणूस, कामाबद्दल विचारलं की त्याला राहवत नाही.

"हीच तर हंबकरची गंमत. त्या दुसऱ्या गिटारीत वेटोळं एकच. यात शेजारी शेजारी दोन. एक सुलट, एक उलट, चुंबकंही उलटी. बाहेरची घुरघुर दोन्हींत शिरते, पण उलटसुलट होऊन एकमेकींना मारते. तारेचा सूर मात्र दोन्हींत मिळून दुप्पट होतो. मिनी असला तरी ही करामत पूर्ण."

मग माझ्याकडे बघून घाईनं म्हणाले, "हणमंता, हे पिकअपचं आहे हं! सासऱ्याचं नव्हे, सनईचं नव्हे, गायकाचं नव्हे."

"कळलं की. मी काय येडा आहे?"

त्यांनी भटजींचं नाव घेतलं नव्हतं.

बारा वाजून तीस मिनिटांनी मी पाटावर उभा राहिलो. समोर अंतरपाट, पलीकडे शैला. मांडवात हा कलकलाट! बायका बोलतायत, पोरं रडतायत, जेवणाच्या पंगतीची धावपळ. आप्पा सगळ्यांना हात जोडत होते, "अहो, जरा शांत बसा. माझ्या लेकीची मंगलाष्टकं मला नीट ऐकू द्या." त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. बाहेरची घुरघुर, दुसरं काय! आणि मांडवात तर भटजी दोन होते. मुलीकडचे देवधर गुरुजी आणि आमच्याकडचे बाळंभट.

मी वाकून बाळंभटांच्या कानात सांगितलं. "काका, तुम्ही उलटे उभे राहा आणि शेवटून सुरू करा."

"असं का रे?"

"घुरघुर मरते आणि मंगलाष्टकं दुप्पट होतात."

बाळंभटांचं वय ऐंशी. यजमानाचं मन मोडायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी लोकांकडे पाठ केली. इकडे देवधर गुरुजींनी गणपतीपासून सुरुवात केली आणि तिकडे बाळंभटांनी खणखणीत आवाजात "तदेव लग्नं" सुरू केलं.

तदेव लग्नं ऐकलं की लग्न लागलं, हे तर लहान पोरालाही ठाऊक. मामांनी अंतरपाट काढला. ढोल वाजला. शैलानं पटकन माझ्या गळ्यात हार घातला. देवधर गुरुजी ओरडले, "अहो थांबा, माझा अजून गणपती चालू आहे!" मामांनी अंतरपाट परत धरला. माझा हार माझ्याच हातात राहिला. दोघेही भटजी इरेला पेटले आणि थांबेनात. अक्षता दोन्हीकडून, वाट्टेल तेव्हा पडत होत्या. अखेर देवधर गुरुजी "तदेव लग्नं" म्हणाले, त्याच क्षणी बाळंभट गणपतीला येऊन पोचले.

एकाच्या मते लग्न लागलं होतं. दुसऱ्याच्या मते आता कुठे सुरू होत होतं.

मांडवात मात्र चिडीचूप. घुरघुर पार मेली होती, हे कुणीतरी लक्षात घ्यायला हवं होतं.

"कुणी सांगितलं हे?" आप्पांनी विचारलं. बाळंभटांनी माझ्याकडे बोट केलं. आप्पा इलाहीभाईंकडे वळले. "तुम्ही कारागीर माणूस. तुम्हीच सांगा. वाद्यात एखादा भाग असा सारखा सारखा बिघडत असेल, तर काय करता?"

इलाहीभाई भले माणूस. ते खाली वाकून गिटारीची वायर गुंडाळायला लागले.

पण मला उत्तर येत होतं. आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं! मी पाटावरूनच हात वर केला. "काढून बाजूला ठेवतात, आप्पा!"

चौघांनी मला पाटासकट उचललं आणि मांडवाबाहेर नेऊन ठेवलं.

मी तिथं बसून रडलो. गळ्यात शैलाचा हार, हातात माझा हार. आत आप्पा, गुरुजी आणि मामा कुजबुजत होते. मुहूर्त टळायला अजून चार-पाच मिनिटं शिल्लक होती, पुन्हा लावता आलं असतं. एवढ्यात शैला स्वतः बाहेर आली. मागोमाग आप्पा, त्यांच्यामागं सगळं वऱ्हाड. आप्पांचा चेहरा जरा निवळला होता. पोरीच्या हट्टापुढं ते पघळले होते, हे मलासुद्धा दिसत होतं.

शैलानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अहो, काढलेला भाग दुरुस्त करून परत बसवतात ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. इलाहीभाई मागून जोरजोरात मान हलवत होते. हो म्हण, हो म्हण. पण शैलाशी खोटं बोलायचं नाही, असं मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

"छे छे," मी डोळे पुसून सांगितलं, "एवढा बिघडल्यावर कोण बसवतंय? नवीनच घ्यावा."

शैलानं माझ्या गळ्यातला आपला हार काढून घेतला.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

उत्तर मात्र माझं बरोबर होतं. हवं तर इलाहीभाईंना विचारा.