हाकेच्या अंतरावर

हत्तींच्या पाठीवर बसून सगळं रान ये-जा करायचं, तेव्हाची ही गोष्ट. साती हत्तीवाटा मोहाच्या झाडाखाली एकत्र आणायच्या आणि जवळच सगळ्यांसाठी नवी घरं बांधायची, असं ठरलं. म्हातारी हत्तीण चंपाआजी म्हणाली, "घरं झाडापासून हाकेच्या अंतरावर हवीत."

"मग हाक मी मारतो," म्हणत मोर झाडावर चढला. त्याची हाक थेट टेकडीपलीकडे ऐकू गेली. सशांनी लगेच तिथे घरांसाठी खुंटी ठोकली.

बुंध्याशी गोगलगाय मघापासून काहीतरी बोलत होती, पण कुणाला ऐकू येईना. आजी एकेक पाऊल जवळ गेली, गुडघे टेकून बसली आणि सुपाएवढा कान तिने जमिनीला लावला. एवढा मोठा जीव एवढ्याशा जिवापुढे वाकलेला कुणी कधी पाहिला नव्हता.

"आजी, तिथल्या घरून इथे हत्तीवर बसायला यायचं, तर टेकडी चढायलाच मला दोन पावसाळे लागतील हो."

आजीने कान उचलला नाही. "हिची हाक इथवर येते," ती म्हणाली. "पहिली खुंटी माझ्या कानापाशी ठोका."

मोर टेकडीपलीकडची खुंटी आणायला उडाला. परतताना मात्र तो चालत आला. पोचेपर्यंत संध्याकाळ झाली.