बोटं कुठं, टाच कुठं

माझं कुणी ऐकलंच नाही. रानात जनावरांची शाळा भरायची, तेव्हाची ही गोष्ट. मी चितळाची मादी, चांदणीची आई, घसा फोडून सांगायची, "माझी चांदणी आळशी नाही, तिला पावलांचे माग उलटे दिसतात." मास्तर गेणू सांबर म्हणायचे, "बाई, लाड कमी करा. पोरगी ढ आहे."

मग मीच शिकवलं. बाकीची पावलं पानांनी झाकायची, एकाच पावलात खूर घालून चाचपायचं आणि बोटं कुठं, टाच कुठं ते मोठ्यानं बोलायचं. पोरं हसली. हसू दिलं.

एका सकाळी तळ्याच्या वाटेवर वाघाचा माग दिसला. मास्तरांनी तो उभ्याउभ्याच वाचला. "डोंगराकडं गेलाय. चला पाण्यावर!"

"थांबा." चांदणीनं पानं टाकली, खूर घातला. "बोटं इकडं, टाच तिकडं. मास्तर, तो पाण्याकडं गेलाय."

"झालं, पुन्हा उलटं!" मास्तर म्हणाले, तोच तळ्याकाठच्या गवतात शेपटी हलली. कळप मागं उधळला. एकही जीव गेला नाही.

माग चुकीचा वाचणाऱ्याचं नाव टेकडीवरून पुकारायची आमची रीत. त्या दिवशी मीच चढले, मान ताठ करून. सगळ्या रानानं ऐकलं: गेणू सांबर!