भाव कुणी चोरला?

खजिन्याचं कुलूप शाबूत होतं. आत इंटरनेट कंपनीच्या शेअरचे कागदही जागच्या जागी होते. चोरीला गेला होता तो फक्त भाव.

परवापर्यंत भानुसेन राजाच्या एका शेअरात घोडा येत होता. आज घोड्याची शेपटीसुद्धा येईना. राजानं खजिन्याचा पहारेकरी रखमाजी याला धरलं. "किल्ली तुझ्या कमरेला, मग भाव गेला कसा? जेवणवेळेपर्यंत चोर हजर कर, नाहीतर जन्मभर तुरुंगात बस."

रखमाजीची बायको गोजरा राजवाड्यात भाकऱ्या थापायची. ती पिठाच्या हातानंच तरातरा दरबारात आली. "चोर मी देते, महाराज. पण आज जेवायला माझ्या चुलीपाशी बसावं लागेल."

राजा पाटावर बसला. गोजरानं निखाऱ्यावर भाकरी टाकली, ती टम्म फुगली.

"वा, केवढी उंच!" म्हणत राजानं तुकडा मोडायला बोट घातलं. फुस्स! वाफ निघाली, भाकरी बसली आणि राजाचं बोट तोंडात गेलं.

गोजरा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "महाराज, माझ्या भाकरीची उंची चोरीला गेली!"

"चोरी कसली? वाफ होती ती. पीठ आहे तेवढंच आहे."

"मग तुमच्या कंपनीत पीठ किती होतं? विकते काय ती?"

राजानं शेजारी उभ्या प्रधानाकडं पाहिलं. प्रधान मोबाईल चाळत चाचरला, "इंटरनेटवर विकणार आहे. काय विकायचं, ते पुढं ठरणार आहे."

"म्हणजे नुसतीच वाफ. तुम्ही घेतले म्हणून सगळ्या राज्यानं शेअर घेतले, भाव फुगला. काल तुम्हाला सोन्याचा झोपाळा हवा झाला, तुम्ही निम्मे विकायला काढले. राजाच विकतोय म्हटल्यावर मागं कोण थांबतंय? झाडून सगळे विकायला धावले."

"ते राहू दे. चोर कुठाय?"

"इथंच आहे. ज्याचं बोट भाजलंय तो."

दाराशी शिपायांनी धरून ठेवलेल्या रखमाजीनं डोळेच मिटून घेतले. राजानं तोंडातलं बोट बाहेर काढलं, उलटसुलट पाहिलं आणि असा हसत सुटला की पाटावरून घसरला.

"सोडा रे रखमाजीला! आणि गोजरा, माझे निम्मे शेअर तुला बक्षीस."

"बक्षीस म्हणालात ना, महाराज? मग शिक्षा कशाला देता?"

राजा पुन्हा पोट धरून हसला. संध्याकाळी गोजराच्या दारात ज्वारीची पोती उतरली. तिनं एकेक पोतं दाबून बघितलं, मगच आत घेतलं.