चांदीच्या भट्टीची राख

पूर्वी कुंदावती नगरात राजा यशकेतू राज्य करीत असताना बोधिसत्त्व चांदी गाळणाऱ्या श्रेष्ठींच्या कुळात जन्मले आणि वडिलांमागे भट्ट्यांचे धनी झाले. चांदी शुद्ध करताना तिच्यातले शिसे खालच्या राखेत उतरे. ती राख पिवळसर आणि फार मऊ असे. नगराची एक रीत होती. मूल शाळेत बसवले की त्याच्या धूळपाटीवर माती न पसरता हीच राख पसरायची. तिच्यावर अक्षर सुरेख उमटे, आणि चांदीच्या घरची म्हणून लोक तिला शुभ मानत. बोधिसत्त्व श्रेष्ठी ती दरवर्षी शाळेला दान देत. त्या दानाचा त्यांना थोडा अभिमानही होता. खोटे कशाला सांगावे.

एके सकाळी नंदिला नावाची विधवा विणकरीण त्यांच्या दारी आली.

"मालक, आचार्यांनी माझ्या पुष्यकाला शाळेतून काढलंय. म्हणतात, हे पोर दगड आहे, उद्यापासून भट्टीवर भाता ओढायला घाला. शाळेत जायच्या आधी जात्यावरच्या सगळ्या ओव्या माझ्यामागून म्हणायचा हो तो! आता काल शिकवलेलं आज आठवत नाही. मार खाऊन हात सुजलेत. त्याला शाळेत राहू द्या."

श्रेष्ठी तिच्याबरोबर शाळेत गेले, मुलाला पुन्हा जागेवर बसवले आणि स्वतः मागे बसले. आचार्य कपिलमित्र वैतागून म्हणाले, "हा एकटाच नाही. जुनी मुलं तर नव्यांहून मठ्ठ. जितकी वर्षं शिकवावं तितकं विसरतात." पुष्यकाने राखेत एक अक्षर काढले, ते चुकले, पुसले. मग बोट जिभेला लावून ओले केले आणि पुन्हा काढले. सगळीच मुले तसे करीत होती.

"गोड लागते," श्रेष्ठी पाहताहेत हे बघून तो हसत म्हणाला.

भट्टीवाल्यांचा एक जुना नियम होता. भट्टीमागच्या राखेत उगवलेले गवत गुरांना घालायचे नाही. ते खाऊन गुरे भेलकांडतात आणि घरची वाट विसरतात. श्रेष्ठींनी हा नियम गुराख्यांकडून कडक पाळून घेतला होता. गुरांना जपले आणि तीच राख मुलांच्या बोटांना लावली, हे ध्यानात येताच त्यांना बसल्या जागी रडू कोसळले.

त्यांनी त्याच दिवशी पाट्यांवर राखेऐवजी नदीची वाळू पसरवली. मग ते पुष्यकाला आणि त्याच्या आईला घेऊन राजसभेत गेले आणि ती राख नगरात कुठेच राहू नये म्हणून भट्ट्या नगरापासून दूर, ओसाड माळावर हलवण्याची परवानगी त्यांनी मागितली. इतर भट्टीवाले खवळले. पुरोहित म्हणाले, "मठ्ठ मुलं पूर्वकर्मानं जन्मतात. त्यासाठी भट्ट्या हलवून चांदीवाचून राजाची टांकसाळ बंद ठेवायची का?"

"महाराज, हा मुलगा मठ्ठ जन्मला नाही, त्याच्या आईला विचारा. तो भोगतोय ते त्याचं पूर्वकर्म नाही. ते माझं याच जन्मीचं कर्म आहे. शिक्षा मला करा."

श्रेष्ठींकडून गवताचा नियम ऐकून राजाने भट्टीवाल्यांना विचारले, "तुम्ही आपली गाय भट्टीमागे चारता का?" "नाही, महाराज," त्यांनी कबूल केले. राजाने परवानगी दिली, आणि श्रेष्ठींनी वाडे विकून सगळ्यांच्या भट्ट्या हलवल्या.

पुढे शाळेत आलेली मुले चांगली शिकली. पुष्यकाचे मात्र जे गेले ते पुरते परत आले नाही. श्रेष्ठी रोज सकाळी त्याच्याजवळ बसत आणि तेच अक्षर पुन्हा काढून दाखवत. वर्षे गेली. शेवटी नंदिलाच म्हणाली, "मालक, आता पुरे. त्याला नाही यायचं."

"नाही आलं तर नाही आलं, बाई," श्रेष्ठी म्हणाले. "मला बसू दे."

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा एवढी सांगून शास्ते, म्हणजे भगवान, थांबले. मग धर्मसभेला म्हणाले, "तेव्हाचे आचार्य म्हणजे आजचे स्थविर उग्रसेन, आता ते श्रामणेरांवर, म्हणजे शिकाऊ भिक्षूंवर, आवाजही चढवत नाहीत. नंदिला ही आजची भिक्षुणी सोमदत्ता. आणि पुष्यक म्हणजे तुमच्यातला सुनाग, ज्याला सगळी सूत्रे मुखोद्गत आहेत. ही बुद्धी तेव्हाही त्याच्यापाशी होती. श्रेष्ठी मी होतो. त्या जन्मी मी सत्याची पारमिता आचरली, भिक्षूंनो, पण उशिरा."